अजून एक परस

परवा एका लग्नात आजोळकडचा एक म्हातारा भेटला. माझं नावगाव विचारून झालं, मग कपाळावर हात आडवा धरून त्याने मला निरखून बघितलं आणि म्हणाला, "म्हंजी तू पायाळू दत्तूची भाची. आसा मानूस पुन्ना व्हायचा न्हाई बग."

मी म्हटलं, "न होवो."

म्हातारा हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. मी थट्टा करत नव्हते. पुढ्यात जिलबी वाढलेली होती, ती तशीच टाकून मी पंगतीतून उठले, इतका संताप आला मला. अहो, माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचं नाव काढलं की लोक हात जोडतात, आणि तो माझा सख्खा मामा म्हणून मीही जोडावेत अशी त्यांची अपेक्षा असते. मी जोडत नाही. का जोडत नाही, ते एकदा लिहूनच टाकते.

दत्तूमामा हा माझ्या आईचा पाठचा भाऊ. औंधच्या अलीकडे त्यांचं गाव, अंगणातून यमाईचा डोंगर दिसायचा. मामा देखणा होता, ते नाकारून चालणार नाही. उंच, सडसडीत, फेटा कधी ढिला म्हणून नाही. पण त्याची खरी ओळख त्याच्या चालीची. तो पाऊल सरळ टाकायचाच नाही. उचलायचा, जरा थांबायचा, हलकेच ठेवायचा आणि मान कलती करायचा. खाली पाणी वाजतंय का ते ऐकतोय म्हणे! माळावर एक वेळ ठीक आहे, पण हा घरातल्या सारवलेल्या जमिनीवरही तसाच चालायचा. जेवायला पाटावर येऊन बसायचा तेही तसंच. आई त्याला म्हणायची, "आरं, चुलीखाली झरा हाय का काय? सरळ चाल की मुडद्या."

तो वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, एकदा मनसोक्त शिव्या दिल्या की ते संपतं. मामाने कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. एक नारळ आणि एक वेळचं जेवण, बस्स. लबाडही नव्हता. लबाड माणूस निदान मनातल्या मनात खरं काय ते ओळखून असतो. मामाने खरं आपल्या मनाच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊच दिलं नाही, आणि त्याला बाहेर ठेवण्यासाठी तो जन्मभर जेवढा राबला तेवढा रानात राबला असता तर घरात कणग्या भरून राहिल्या असत्या.

पायाळू म्हणजे काय, ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. मूल पायाकडून जन्मलं की ते पायाळू. आमच्याकडचा समज असा, की पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, त्याने लाथ मारली की कमरेतली उसण जाते, आणि आभाळातली वीज त्याच्यावर टपून बसलेली असते. मामा पायाळू, हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्याच्या आईनेच, म्हणजे माझ्या आजीने, तो तान्हा असल्यापासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सकाळी त्याच्या दारात माणसं कमरेला हात लावून वाकलेली दिसायची. मामा पाय धुवायचा, पूर्वेकडे तोंड करायचा, देवीचं नाव घ्यायचा आणि समोरच्याच्या कमरेत लाथ हाणायचा. एकदा शाळा तपासायला साताऱ्याहून साहेब आले होते. कोट, टोपी, हातात छडी. टांग्यातून उतरताना त्यांच्या कमरेत उसण भरली. ते ओय ओय करत तिथेच अर्धे वाकून उभे राहिले. लोकांनी त्यांना तसंच धरून मामाच्या अंगणात आणलं. मामाने लाथ घातली. साहेब अंगणातल्या गवताच्या पेंढीवर गेले.

"काय सायेब, कसं वाटतंय?" मामाने विचारलं.

"बरं... बरं वाटतंय."

"आजून एक हानू?"

"नको, नको! गेली. पार गेली उसण."

आता मला सांगा, दुसरी लाथ चुकवायची असेल तर माणूस दुसरं काय म्हणेल? पण मामाच्या मनात हा विचार शिरायचाच नाही. एकाही माणसाने दुसरी लाथ मागितली नाही, म्हणजे एकाच लाथेत गुण येतो, असा त्याचा सरळ हिशेब. साहेब परत गेले ते टांग्यात आडवे होऊन. पुढे मामा ती गोष्ट सांगायचा. पहिल्या वर्षी साहेब आभार मानून गेले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढेपुढे तर ते मामाच्या पाया पडायला लागले. मी त्या दिवशी तिथे होते. साहेब पाया पडले नव्हते, पालथे पडले होते.

आणि ऐकणारे? त्यांतले निम्मे त्या दिवशी त्या अंगणात हजर होते. तेही माना डोलवायचे. आपल्या गावात असा माणूस आहे, याने त्यांचीही छाती फुगायची ना!

विजेचं तर विचारूच नका. एका फाल्गुनात आम्ही आजोळी होतो. खळ्यावर जोंधळ्याची कणसं पसरलेली, आणि भरदुपारी आभाळ काळं झालं. वर्षाचं खाणं उघड्यावर. घरातलं लहानथोर खळ्याकडे धावलं. मामा मात्र आतल्या खोलीत गेला, घोंगडं पांघरून बसला आणि गुळाचा चहा मागितला. तो पायाळू, त्याने विजेत बाहेर पडायचं नाही, असा नेम. माझी आई डोक्यावर पाटी घेऊन धावत होती. गारा लागून तिच्या हातावर वळ उठले. आजी दारात उभी राहून नुसती ओरडत होती, "आगं यमने, आत ये! ते जाऊ दे समदं, तू आत ये!" मला तेव्हा नवल वाटलं. जपायचं ते लेकरू आत चहा पीत बसलंय, मग आजीचा जीव आईसाठी का उडालाय? आई काही आत आली नाही. सगळं धान्य झाकून झाल्यावरच आली. मामा घोंगड्यातून तोंड काढून म्हणाला, "वाचलो बग आक्का आज. लय जवळ आलती." त्याचं दुःख असं, की आपण आत बसल्यामुळे आपल्याला कामाला हात लावता आला नाही. खरंच त्याला तसं वाटायचं. डोळे भरून यायचे त्याचे.

आता पाण्याचं. आडवा नारळ तळहातावर ठेवून मामा रानात चालायचा. जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. त्याचं नाव झालं ते पलूसकडच्या एका बागाईतदारामुळे. त्याने मामाला बैलगाडी पाठवून बोलावलं. मामाने जागा दाखवली, आणि तिथे थोडक्यात पाणी लागलं. लागणारच! तो कृष्णाकाठ. तिथे कुत्र्याने बसायला माती उकरली तरी ओल लागते. पण मामा तिकडून परत आला तो फेट्यावर फुलांचा हार घालून. मग आमच्याकडच्या कोरड्या गावांतून त्याला बोलावणी सुरू झाली.

आमच्याकडे पाणी लागायचं नाही. लोक खणायचे, मुरूम संपायचा, काळा पाषाण लागायचा. मामाला निरोप जायचा. मामा यायचा, विहिरीच्या काठावर उभा राहून मान कलती करायचा आणि म्हणायचा, "पानी हाय. तुमी अलीकडं थांबलासा. अजून एक परस."

परस म्हणजे माणूस हात वर करून उभा राहिला की होते तेवढी खोली. अजून एक परस! काय पण शब्द शोधला होता मामाने. त्यात तो कधी हरूच शकत नव्हता. लोक आणखी परसभर खणायचे, पाणी नाही. मामा पुन्हा तेच म्हणायचा. शेवटी माणसं दमून थांबायची, म्हणजे दोष कुणाचा? थांबणाऱ्यांचा. आणि गंमत बघा, थांबणारेही तसंच म्हणायचे. घाम गाळून आपण नुसत्या दगडात खड्डा पाडला, हे चारचौघांत कोण कबूल करेल? त्यापेक्षा, पाणी होतंच हो, आम्हीच दमलो, असं म्हटलं की दोघांचीही अब्रू राहते. मामाची राहते, आपलीही राहते. असे कोरडे खड्डे औंधपासून आमच्या गावापर्यंत जागोजाग होते, आणि प्रत्येक खड्ड्याचा मालक मामाला देवमाणूस म्हणत होता.

आमचं गाव कोरेगावच्या उगवतीला. रान चढावर, मुरमाड. माझे वडील, आबा, पलटणीत हवालदार. दुसऱ्या महायुद्धाची जवळजवळ सगळी वर्षं ते परदेशात होते. एकदा रजेवर आले तेव्हा आईला म्हणाले होते, "हिरीला पानी लागू दे. त्या दिशी म्या खाकी उतरीवली म्हनून समज." आमच्या घरात दुसरी कुठली इच्छाच नव्हती. पाणी लागलं तर आबा घरी राहणार, नाही लागलं तर पुन्हा पलटणीत जाणार. देवाला हात जोडताना मीही हेच मागायचे.

लढाई संपायच्या सुमाराला आईने विहीर काढायचं ठरवलं. जागा तिने हेरून ठेवली होती. रानाच्या तळाशी ओढ्याला वळण आहे, तिथे एक उंबर उभा होता. उन्हाळ्यातही त्याच्या बुडाशी हिरवं गवत असायचं. पण सख्खा भाऊ पायाळू असताना त्याला न विचारता कुदळ मारली असती तर भावकीने तोंडात शेण घातलं असतं. म्हणून मामाला बोलावणं गेलं.

मामा आला. पोळी खाल्ली, नारळ घेतला, रानभर फिरला. मागे अख्खा गाव. उंबरापाशी नारळ काही हलला नाही. वर माळाच्या टोकाला, जिथे कुसळंसुद्धा धड उगवत नव्हती, तिथे उभा राहिला.

"दत्त्या," आई म्हणाली, "उंबराखाली ओल हाय रं. डोळ्यानं दिसती."

मामा हसला. ते हसू मला अजून दिसतं. "आक्का, उंबराखाली काय, कुनी बी खणंल. त्याला पायाळू कशाला पायजे?"

झालं. त्या एका वाक्यात सगळा मामा आला. पाणी कुठे आहे हे त्याला महत्त्वाचं नव्हतं. जिथे इतर कुणाला दिसणार नाही तिथे ते असायला हवं होतं, नाहीतर त्याची विद्या कशी दिसणार? पुढे बऱ्याच वर्षांनी आम्ही उंबराखालीच विहीर काढली. कुणी नारळ धरला नाही, आणि तरी पाणी लागलं. पण तोवर ज्याच्यासाठी हवं होतं तो माणूस राहिला नव्हता.

माळावर खणायला सुरुवात झाली. मुरूम गेला, खडक लागला. सुरुंग लावले. मामा अधूनमधून यायचा, काठावर उभा राहायचा, मान कलती करायचा. अजून एक परस. अशातच आबा मोठ्या रजेवर आले. रजा संपायच्या आत त्यांना पलटणीला कळवायचं होतं, की नाव काढून घ्यायचं की पुढे चालू ठेवायचं. आल्या दिवशी त्यांनी खड्ड्यात डोकावून बघितलं आणि सदरा काढून खाली उतरले. सगळी रजा त्या माणसाने खड्ड्यात काढली. परदेशच्या लढाईतून धडधाकट आलेला माणूस, घरी येऊन त्याच्या हातांची सालटी निघाली.

आई म्हणायची, "आवं, हे सोडा. उंबराखाली बगा."

आबा म्हणायचे, "इतकं खणलंय ते वाया घालवू व्हय? दत्तू म्हनतोय एक परस ऱ्हायलाय."

आबा शहाणे होते हो! पलटणीत हाताखालची माणसं त्यांच्या शब्दावर चालायची. पण खड्डा जितका खोल जाईल तितका त्यांचा विश्वास वाढत गेला. खड्डा चुकलाय असं म्हटलं की आपली अख्खी रजा, आपल्या हातांचे फोड, सगळं चुकलं असं म्हणावं लागलं असतं. ते कुणालाच नको असतं. मामाला तर काय, फक्त एक शब्द उच्चारायचा होता.

मग एक दिवस सुरुंगाचा दगड उडाला आणि आबांच्या कपाळाला लागला. डोळा थोडक्यात वाचला. रक्ताने सदरा भिजला. मामा काठावरूनच ओरडला, "दाजी, शुभ हाय! रगत पडलं, आता पानी आलंच समजा."

 आईने जखमेत हळद भरली, आबांचं डोकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून स्वतः माहेरी गेली. दुपारी परत आली ती आमिनाबीला गाडीत बसवून. आमिनाबी आजोळच्या गावची सुईण. खूप म्हातारी, पण कान-डोळे शाबूत. आजी तोवर वारलेली होती, तेव्हा खरं सांगणारी तेवढी एकच उरली होती.

विहिरीवर नेहमीसारखी माणसं जमलेली होती. आबा डोक्याला फडकं बांधून दगडांच्या ढिगावर बसले होते. मामा काठावर उभा होता. आईने आमिनाबीला हात धरून पुढे आणलं आणि म्हणाली, "सांग, आमिनामावशी. आमा दोघांत पायाळू कोन?"

आमिनाबी म्हणाली, "दोघास्नी बी म्याच काडलं ह्या हातानं. हा दत्तू सरळ डोक्याकडनं आला, येताना कायसुदिक तरास दिला न्हाई बापड्यानं. पायाकडनं आली ती ही यमना. हिची आई मराय टेकली व्हती त्या राती. मंग म्हनाली, आमिना, पोरगी पायाळू म्हनलं की कोन पदरात घील हिला? इजंच्या भ्यानं कोन सून करील? पाठीवर ल्योक झाला, तवा पायाळूपन त्याच्या नावावर घातलं. माजी जीभ बांदून घेतली व्हती तिनं. आता ती गेली."

 मला त्या फाल्गुनातल्या दारात उभी राहिलेली आजी आठवली. "तू आत ये" असं ती का ओरडत होती, ते त्या क्षणी कळलं.

आई मामाकडे वळली. "लगीन ठरल्यावर आईनं मला सांगून ठेवलं व्हतं, आन म्या आजवर तोंड उगडलं न्हाई. म्हनलं, भावाला मान मिळतोय, मिळू दे. पर आता माज्या नवऱ्याचं कपाळ फुटलंय. हितं दगड हाय दत्त्या. न्हाई म्हन. एकदा न्हाई म्हन, म्हंजी हे वर येत्याल आन उंबराकडं जात्याल."

तेवढ्यात भावकीतला एक शहाणा पुढे सरसावला आणि हात जोडून म्हणाला, "मंग वैनी, तुमीच सांगा की पानी कुटं हाय! तुमीच पायाळू."

बघा, बघा! क्षणभरसुद्धा त्यांना कुणाचे तरी पाय धरल्याशिवाय चैन पडेना. आई त्याच्यावर अशी कडाडली की तो दोन पावलं मागे सरला. "पायाळू म्हंजी आईला मरनाच्या दारात न्हेऊन आनल्यालं प्वार! दुसरं कायबी न्हाई त्यात! उंबराखाली पानी हाय ते माजं डोळं सांगत्यात. तुमास्नी न्हाईत व्हय डोळं?"

सगळे मामाकडे बघायला लागले. मामाचा चेहरा उतरला होता. फेट्याखाली घाम आला होता. मला वाटलं, आता बोलेल. आता हा माणूस खाली बसेल आणि म्हणेल, चुकलो. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची दया आली. जन्मभर ज्यावर उभा होता तेच कुणी पायाखालून काढून घेतलं होतं.

मामाने मान वर केली. आधी हळू, मग हसत, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "म्हंजी म्या पायाळू न्हाई. बरं. न्हाई तर न्हाई. पर मंग मला सांगा गड्यांनू, पायाळू नसताना मला एवढं पानी दिसतंय, तर माजी विद्या केवडी म्हनायची? पायाळूला काय, जन्मताच मिळतंय. म्या ती कमावली!"

आणि लोकांनी माना डोलवल्या. डोलवल्या हो! कुणीतरी म्हणालंसुद्धा, "खरं हाय, खरं हाय." आमिनाबी कपाळाला हात लावून खाली बसली. मामाची मान कलती झाली, त्याने खड्ड्यात बघितलं आणि म्हणाला, "अजून एक परस, दाजी."

आबा उठायला लागले. कुदळीकडे हात गेला त्यांचा. आईने कुदळ उचलली आणि खड्ड्यात भिरकावली. "आता कुनी खाली उतरलं तर माजं मढं बगंल," ती म्हणाली. माणसं पांगली. खणणं थांबलं ते तसं.

रजेचे थोडेच दिवस उरले होते. आबांचं अंग मोडून आलं होतं, आणि मनही. आई म्हणाली, "तुमी जाऊ नगा. आपुन उंबराखाली लागू." आबा म्हणाले, "पुडच्या रजंला बगू. तवर चालू ठेवतू नोकरी. पान्याबिगर खायाचं काय हितं?" त्यांनी तसं कळवलं आणि ते गेले. एस्टी नव्हती तेव्हा, कोरेगावच्या स्टेशनापर्यंत आई गाडीतून पोचवायला गेली होती.

पुढची रजा आली नाही. काश्मीरकडे लढाई लागली, आबांची पलटण तिकडे गेली आणि तार आली. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही.

त्या वर्षी पाऊस फार झाला. माळावरचं सगळं पाणी वाहत येऊन त्या खड्ड्यात उतरलं. गढूळ, तांबडं, काठोकाठ. एका सकाळी गलका ऐकू आला. बघते तर मामा, फेट्याला तुरा काढलेला, एका हातात नारळाची भकलं, दुसऱ्या हातात पितळी तांब्या, मागे माणसं. खड्ड्यावर नारळ फोडून आला होता. अंगणात येऊन म्हणाला, "आक्का, लागलं! पानी लागलं. म्हनलं व्हतं का न्हाई?"

मी म्हटलं, "मामा, ते पावसाचं आहे. माळावरनं वाहत आलंय."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. आई ओसरीवर बसली होती. कपाळ पांढरं. मला वाटलं, आता ती उठेल, तो तांब्या त्याच्या तोंडावर फेकेल, मुडद्या म्हणून त्याला हाकलून देईल. गावात एक तरी माणूस डोळे उघडे ठेवून होतं, आणि ते माझी आई होती.

आईने हात पुढे करून तांब्या घेतला. त्यातल्या तांबड्या पाण्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मान वर केली. तिचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता.

"दत्त्या, खरं सांग. म्या त्या दिशी कुदळ टाकली नसती... एक परस खणू दिला असता, तर लागलं असतं का रं? ऱ्हायलं असतं का रं ते घरी?"

न्हाई आक्का. एवढंच म्हणायचं होतं. खाली दगड व्हता, तू केलंस ते बराबर केलंस. दुसरं काही नको होतं तिला. नवरा गेला होता, तो परत येणार नव्हता; त्याला आपणच घालवला की काय, एवढं एकच तिला विचारायचं होतं. आणि मी सांगते, मामाला ते कळलं. त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्यासारखा झाला, ओठ हलले. पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्याच्या तोंडाशी खरं आलेलं बघितलं.

मग त्याने मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं. हातातल्या नारळाच्या भकलांकडे बघितलं. आणि म्हणाला, "व्हय आक्का. एकच परस ऱ्हायला व्हता."

तो गेला. अंगण ओलांडून, कुंपणाच्या बाजूने, वर माळाकडे. मागे माणसं. पाऊल उचलायचा, जरा थांबायचा, हलकेच ठेवायचा, मान कलती. मी त्याला परत बघितला नाही. बघायची इच्छाही झाली नाही. इकडे ओसरीवर आई तांब्या दोन्ही हातांत धरून तशीच बसली होती, आणि स्वतःशीच हळूहळू म्हणत होती, "एकच परस. एकच परस ऱ्हायला व्हता."